हाजी मुतलकच्या तंबूतले आठ पेले

मंगळवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी बिर्गर नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या नॉर्वेजियन माणसाने हाजी मुतलकच्या तंबूत बसून, हातातला कॉफीचा पेला न पिता समोर जमिनीवर ठेवला. एवढेच घडले. पुढे जे झाले त्यात बिर्गरने काही केले नाही. तो फक्त बसून होता.

बिर्गरला कॉफी आवडत नव्हती असे नाही. मागच्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाच्या धमन्यांत दोन जाळ्या बसवल्या होत्या आणि डॉक्टरांनी कॉफी बंद केली होती. नको म्हणून यजमानाला दुखवण्यापेक्षा पेला घ्यावा आणि गुपचूप खाली ठेवावा, असा सभ्य विचार त्याने केला. त्याच्या देशात हे चालते. बैदाच्या खडकांपासून देइरपर्यंतच्या अरबांच्या सगळ्या तंबूंत मात्र भरलेला पेला खाली ठेवण्याचा एकच अर्थ होतो. पाहुणा काहीतरी मागायला आला आहे, आणि ते मिळेपर्यंत तो कॉफीला तोंड लावणार नाही. मुलगी मागायला येणारे असे करतात. खुनाची तडजोड करायला येणारेही असेच करतात.

हाजी मुतलकने किटली खाली ठेवली आणि मिशीवरून हात फिरवला.

वाटाड्या नायेलने हे सगळे पाहिले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. त्याला पावणेनऊला निघायचे होते. सहा जणांची ही टोळी अकरा वाजता डोंगरात कोरलेल्या देइरच्या दगडी कमानीसमोर पोहोचवायची आणि तिथे थांबलेल्या दुसऱ्या वाटाड्याच्या हवाली करायची, मग तो त्यांना पायऱ्यांनी खाली खडकात कोरलेल्या जुन्या नगरात नेणार, असा कंपनीचा कार्यक्रम होता. गेल्या महिन्यात नायेल एकदा वीस आणि एकदा पस्तीस मिनिटे उशिरा पोहोचला होता. कंपनीचा व्यवस्थापक इयाद याने त्याला शांतपणे सांगितले होते की, तिसऱ्या वेळेला त्याने परत फोन करायची तसदी घेऊ नये. नायेल एकतीस वर्षांचा होता. चार हिवाळे वादी मूसा गावी जाऊन अभ्यास करून तो वाटाड्याची परीक्षा पास झाला होता. त्याच्या घराण्यात त्याच्याआधी सगळ्यांनी गाढवेच हाकली होती आणि ती हाकायला परत जाण्याची त्याची तयारी नव्हती.

उशीर का होत होता, हे खोऱ्यातल्या सगळ्यांना माहीत होते. देइरला जायची जवळची वाट हाजी मुतलकच्या बार्लीच्या शेतातून, अंजिराच्या मागून जाते. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात उंटांची शर्यत झाली, तेव्हा नायेलचा बाप खलफ चारचौघांत म्हणाला की, हाजीची सांडणी गझाला मागचा डावा पाय असा टाकते की जणू तो शेजाऱ्याकडून मागून आणलाय. सगळे हसले. हाजी हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटेवर छातीएवढा दगडांचा बांध उभा होता. तेव्हापासून नायेलला डोंगराला पूर्ण वळसा घालून जावे लागे आणि त्यात पाऊण तास जादा मोडे.

भांडण वाटेपुरते होते. कॉफीचा त्याच्याशी संबंध नव्हता. हाजी दर मंगळवारी नायेलला आणि त्याच्या पाहुण्यांना बोलावून बसवी, आपल्या हाताने कॉफी पाजी, सगळ्यांची चौकशी करी आणि मग त्यांना लांबच्या वाटेला लावून देई.

"काका, यांच्या छातीचं दुखणं आहे," नायेलने घाईघाईने सांगितले. "डॉक्टरनं कॉफी बंद केलीय. दुसरं काही नाही."

हाजीने मान हलवली. असल्या गोष्टी त्याला नवीन नव्हत्या. त्याचा चुलता जेव्हा त्याच्यासाठी उम्म औदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, मागायला गेला, तेव्हा त्यानेही आधी दाढ दुखते म्हणून सांगितले होते. मोठी माणसे एकदम तोंड उघडत नाहीत. शिवाय समोर बसलेल्या माणसाला पांढरी दाढी होती, मांडी घालून तो ताठ बसला होता, बरोबर पाच जण होते आणि कुणीच बोलत नव्हते. मध्यस्थी करायला आलेली मंडळी याहून वेगळी दिसत नाहीत. खलफने नॉर्वेहून माणसे आणली, असा निष्कर्ष हाजीने काढला. त्याला राग आला आणि त्याबरोबर थोडा अभिमानही वाटला. या खोऱ्यात आजवर कुणाकडे परदेशी मध्यस्थ आलेले नव्हते.

मागणी ऐकायला साक्षीदार लागतात. हाजीने सुनेला पाठवून टेकडीपलीकडून आपला धाकटा भाऊ सुवैलिम आणि शेजारी अबू रुमैह यांना बोलावून घेतले. यात वीस मिनिटे गेली. तेवढ्यात नायेलने तीन वेळा उठायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा हाजीने त्याला मायेने खांद्याला धरून खाली बसवले. बाकीच्या पाच नॉर्वेजियनांचे पेले हाजी भरत राहिला. पेला हलवून परत दिला नाही तर यजमान पुन्हा ओततो, हे नायेल त्यांना सांगणारच होता, पण आता त्याच्या डोक्यात दुसरे काही शिरत नव्हते. इथे सगळे एकाच पेल्यातून पितात. परदेशी लोकांना ते जमत नाही म्हणून उम्म औदाने वादी मूसाच्या बाजारातून डझनभर बिनकानाचे पेले आणून ठेवले होते. त्यांतले सहा आता बाहेर होते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी सुवैलिम आणि अबू रुमैह येऊन बसले. त्यांनाही त्याच डझनातल्या दोन पेल्यांत कॉफी मिळाली. सगळ्यांनी बिर्गरकडे पाहिले. बिर्गर तंबूचे छत पाहत होता. शेळीच्या केसांच्या त्या विणीतून सूर्याचे बारीक ठिपके आत येत होते आणि तरीही पाऊस आत कसा येत नसेल, याचा तो विचार करत होता. निवृत्त होईपर्यंत तो पूल तपासायचे काम करत असे आणि गप्प बसून वर पाहण्याची त्याला सवय होती.

पाच मिनिटे कुणी बोलले नाही. मध्यस्थी करायला आलेल्याने आधी बोलायचे असते. तो बोलत नाही म्हणजे यजमानाने स्वतःच ओळखावे आणि स्वतःच कबूल करावे अशी त्याची अपेक्षा असणार. हा फार मुरलेला माणूस आहे, असे हाजीने मनात ठरवले. आपल्याबद्दल नॉर्वेपर्यंत काय काय गेले असेल याचा त्याने अंदाज घ्यायला सुरुवात केली.

"ठिपक्यांच्या बकरीबद्दल असेल," तो बिर्गरला म्हणाला, "तर ती स्वतःच्या पायांनी आली होती. मी बोलावली नव्हती."

अबू रुमैहचा पेला ओठांपाशी थांबला. "कुठली ठिपक्यांची?"

"तुला नाही सांगितलं मी."

"माझी ठिपक्यांची ईदच्या आधी गेली. तू म्हणालास लांडग्यानं नेली. तीन दिवस माझ्याबरोबर शोधत हिंडलास."

"तिसऱ्या दिवशी मी नव्हतो."

"तिसऱ्या दिवशी तू मला जेवायला बोलावलं होतंस," अबू रुमैह म्हणाला.

त्या जेवणात काय होते हे कुणी विचारले नाही. अबू रुमैहने हातातला भरलेला पेला हळूच बिर्गरच्या पेल्याशेजारी ठेवला आणि बकरी मिळाल्याशिवाय आपण हात लावणार नाही, असे जाहीर केले. हाजीने त्याला सांगितले की, मागणाऱ्याने रांगेत यावे, आधी परदेशी पाहुण्यांचे होऊ दे.

पण परदेशी पाहुण्याचे काही होत नव्हते. बकरी कबूल केल्यावरही बिर्गरने पेला उचलला नाही. याचा अर्थ बकरीचा विषय नव्हता. हाजीला आता घाम फुटू लागला. नायेल मध्ये पडून पुन्हा छातीच्या दुखण्याबद्दल सांगू लागला, तेव्हा सुवैलिमनेच त्याला गप्प केले. मोठी माणसे बोलत असताना दुखण्याखुपण्याचे काय काढतोस, असे त्याचे म्हणणे पडले.

"मग ती चहाची टपरी असणार," हाजी म्हणाला. "त्यात माझी काय चूक? उद्यानाच्या सरकारी माणसांनी विचारलं, वर खडकामागं काही आहे का. मी तोंडानं एक शब्द नाही बोललो. फक्त बोट केलं."

खडकामागची टपरी सुवैलिमची होती आणि परवाना नाही म्हणून ती पाडली गेली होती. कोणी चुगली केली याचा शोध तो दीड वर्ष घेत होता आणि त्या शोधात हाजीने त्याला वेळोवेळी सल्ला दिला होता. मेव्हण्यावर संशय घे, असा तो सल्ला होता.

"मी मेव्हण्याशी बोलत नाही," सुवैलिम सावकाश म्हणाला. "माझी बायको तिच्या भावाच्या मुलीच्या लग्नाला गेली नाही."

"ते लग्न टिकलंही नाही," हाजी म्हणाला.

सुवैलिमने पेला खाली ठेवला. आता जमिनीवर तीन भरलेले पेले होते.

बिर्गरची बायको तोरुन हे सगळे डोळे भरून पाहत होती. तिला अरबी येत नव्हते, पण तीन वयस्क माणसांनी एकामागोमाग एक आपला पेला इतक्या गंभीरपणे खाली ठेवला, ते तिला फार सुंदर वाटले. तिने शेजारणीला कोपराने खुणावले. नायेल त्यांना थांबवण्यासाठी वळला तोवर तोरुन आणि उरलेल्या चौघांनी आपापले पेले मान किंचित झुकवून ओळीत मांडले होते.

आठ पेले झाले. हाजी मुतलकच्या बापाच्या तंबूत, आजोबांच्या तंबूत, कधीही एका वेळी आठ पेले न पिता राहिले नव्हते. कोण कशासाठी काय मागते आहे, हे त्याला आता सांगता आले नसते.

तेव्हा पडद्यामागून त्याची बायको उम्म औदा बोलली. ती म्हणाली की, पहाटे उठून बिया तिने भाजल्या आहेत, वेलदोडा तिच्या डब्यातला गेला आहे आणि आठ पेले गार होत चालले आहेत. मागणारे काय मागतात ते मागू देत, पण हाजीने हो म्हणून हे एकदाचे संपवावे, नाहीतर ती बाहेर येऊन उरलेले गुन्हे स्वतः सांगेल.

हाजीने उजवा हात छातीवर ठेवला. "दिलं," तो बिर्गरला म्हणाला. "जे मागायला आलात, ते दिलं. माझ्या दाढीची शपथ. आता सांगा काय ते."

नऊ वाजून तेहतीस मिनिटे झाली होती. हा क्षण नायेलने मनात आधीच पाहून ठेवला होता, हे मान्य केले पाहिजे. हाजीने शपथ घेतली होती. दोन साक्षीदार हजर होते. बिर्गरच्या तोंडून फक्त 'वाट' एवढा शब्द निघायचा होता. तो निघाला की बांध जाईल, पाऊण तास वाचेल आणि आता निघूनही टोळी अकराच्या आत देइरला पोहोचेल. त्याने बिर्गरला इंग्रजीत सांगितले की, हाजी तुमच्यावर खूश आहेत, तुम्ही काहीही मागा, ते देतील, वाटेबद्दल काही हवे असेल तर तेही सांगा.

बिर्गरने बराच वेळ विचार केला. मग तो म्हणाला की वाटेबद्दल त्याला खरेच एक सांगायचे होते. काल हॉटेलात कुणीतरी म्हणाले की वाटाडे घाई करून आडवाटेने नेतात आणि अर्धा डोंगर बघायचा राहून जातो. माहितीपत्रकात पूर्ण वळशाची वाट छापली आहे. ते सगळे एवढ्या लांबून चालायला आले होते. तेव्हा कृपा करून कितीही लांब पडली तरी त्यांना पूर्ण वाटेनेच न्यावे.

नायेलने हे ऐकून घेतले. त्याने एकदा घड्याळाकडे आणि एकदा अंजिराच्या दिशेला पाहिले. मग हाजीकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या चुलीपाशी बसून, तो खोटे बोलला.

"पाहुणे म्हणतायत, अंजिरामागची वाट उघडा."

पडदा हलला नाही. आवाज मात्र स्पष्ट आला.

"नायेल," उम्म औदा म्हणाली, "पोरा, मी छत्तीस वर्षं देइरवर मणी विकलेत. तुझ्या जन्माआधीपासून हॅलो मॅडम करतेय. त्यांना लांबची वाट हवीय. पूर्ण. आडवाटेनं नेऊ नका म्हणतायत."

नायेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुवैलिमने जिभेने च्च असा आवाज केला. चुलीपाशी खोटे बोलणे ही लहान गोष्ट नव्हती, पण बकरी आणि टपरी यांच्यानंतर ती कुणाला फारशी मोठीही वाटेना.

हाजी मात्र नायेलकडे पाहतच नव्हता. तो बिर्गरकडे पाहत होता. या माणसाने समुद्र ओलांडून येऊन त्याच्या तंबूत पेला ठेवला, त्याच्याकडून भावासमोर आणि शेजाऱ्यासमोर सगळे वदवून घेतले, शपथ घ्यायला लावली आणि शेवटी मागितले काय, तर कुणालाही फुकट मिळणारी लांबची वाट. हाजीच्या डोळ्यांत पाणी आले. तो अबू रुमैहला म्हणाला की, मोठेपण म्हणतात ते हे. मला कमीपणा येऊ नये म्हणून या माणसाने काहीच मागितले नाही. अबू रुमैह म्हणाला की, तो स्वतः एवढा मोठा नाही, त्याला बकरी हवी आहे.

बिर्गरने हाजीच्या समाधानासाठी ओठ कॉफीला टेकवले आणि तोरुनने हे पाहिले नाही असे दाखवले. पण प्रकरण इथे मिटणार नव्हते. शपथ घेऊन दिलेली गोष्ट यजमानाने स्वतः पोहोचवायची असते. हाजी उठला, त्याने काठी घेतली, वहाणा बांधल्या आणि पाहुण्यांना पूर्ण वाटेने आपण नेतो असे सांगितले. नायेलने त्याला विनवून पाहिले. दोन साक्षीदारांनी विनवले नाही. त्यांना हाजी तंबूतून थोडा वेळ गेलेला हवा होता, कारण दोघांनाही गोठ्यात एकदा नजर टाकायची होती.

टोळी नऊ पन्नासला निघाली.

हाजी मुतलक अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्या वाटेने गेल्या अकरा वर्षांत गेला नव्हता. त्याला गरजच पडली नव्हती, जवळची वाट त्याच्याच शेतातून होती. पहिल्या चढापर्यंत तो बिर्गरला प्रत्येक खडकाचे नाव सांगत होता. दुसऱ्या चढावर नावे संपली. तिसऱ्या चढावर, वाळूच्या घसरणीशी, तो एका सपाट दगडावर बसला आणि त्याने डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला.

"ही वाट," त्याने नायेलला विचारले, "पहिल्यापासून एवढी लांब होती?"

"दोन वर्षांपासून आहे, काका," नायेल म्हणाला.

तोरुनने हाजीला आपली चालायची एक काठी दिली. थोड्या वेळाने दुसरीही दिली. हाजीच्या हातात आता स्वतःची धरून तीन काठ्या होत्या आणि तिसरी कुठे धरावी हे त्याला कळत नव्हते. बिर्गर सर्वांच्या पुढे होता. छातीत जाळ्या असलेला माणूस असा चालतो हे पाहून हाजीला डॉक्टरची गोष्ट खोटी असल्याची पक्की खात्री पटली.

ते देइरला एक वाजून वीस मिनिटांनी पोहोचले. दुसरा वाटाडा साडेअकरापर्यंत थांबून दुसऱ्या लोकांना घेऊन उतरून गेला होता. नायेलच्या फोनवर इयादचे नऊ फोन येऊन गेले होते. दहावा त्याने उचलला. इयाद फार बोलला नाही. त्याने फक्त विचारले की, नायेलच्या बापाकडे अजून किती गाढवे आहेत.

हाजीला परत पाठवायला मणी विकणाऱ्या एका भाचीने आपले गाढव दिले. हाजी अर्थातच जवळच्या वाटेने निघाला. चार वाजता तो अंजिराच्या पलीकडच्या बाजूने आपल्याच बांधापाशी आला. बांध उत्तम रचलेला होता. त्यातला एकही दगड हाजीला बसल्या बसल्या हलवता आला नाही, आणि उतरला तर परत चढता येणार नव्हते. बांधापलीकडे शंभर पावलांवर त्याला आपला तंबू दिसत होता. उम्म औदा बाहेर कपडे वाळत घालत होती. त्याने हाक मारली. तिने वळून पाहिले, हात वर केला आणि आत गेली. गाढव वळसा घालून घरी पोहोचले तेव्हा सूर्य टेकला होता.

बुधवारी हाजी उठला नाही. गुरुवारी त्याने गुडघ्याला मेंढीची चरबी चोळून घेतली आणि तो बांध काढून टाकावा असे त्याच्या मनात आले, हे उम्म औदाने पुढे बऱ्याच जणींना सांगितले. पण स्वतःहून काढला असता तर खलफच्या बोलण्यात तथ्य होते आणि गझालाचा पाय खरोखर मागून आणलेला होता, असा त्याचा अर्थ झाला असता. कुणीतरी मागायला यायला हवे होते. मागितले तर हाजी एका क्षणात देणार होता. त्यासाठी वजनदार, पिकल्या केसांचा, भांडणाशी संबंध नसलेला माणूस लागतो. सुवैलिम आता मोठ्या भावाच्या तंबूकडे बघतही नव्हता. अबू रुमैहला गोठ्यात एक ठिपक्यांचे करडू सापडले होते आणि त्याचा चेहरा आईवर गेला आहे असे तो सगळीकडे सांगत होता. खलफला कुणीतरी सुचवले, तेव्हा तो म्हणाला की गझाला स्वतः चालत मागायला आली तर आपण विचार करू, पण ती चालत येईल का याबद्दल शंका आहे.

इकडे शुक्रवारी नॉर्वेजियनांचे पत्र कंपनीला आले. पेले ओळीत मांडायचा तो जुना विधी आणि म्हाताऱ्या शेखांनी स्वतः दाखवलेली पूर्ण वाट, ही त्यांच्या साऱ्या प्रवासातली सर्वांत चांगली गोष्ट असल्याचे त्यांनी कळवले होते. इयादने ते पत्र दोनदा वाचले आणि नायेलला फोन केला. एक मंगळवार देतो, तो म्हणाला. अकरा म्हणजे अकरा. अकरा वाजून एक मिनिट झाले तर पत्र कुणाचेही आले तरी उपयोग नाही.

शनिवारी उम्म औदाने सुनेच्या हाती नायेलला निरोप धाडला. मंगळवारी जो पाहुणा आणशील तो वयस्क बघून आण आणि त्याला पेला खाली ठेवायला शिकव. या वेळी काय मागायचे तेही शिकव. मग मी बरोबर भाषांतर करीन, असेही तिने कळवले होते.

मंगळवारच्या टोळीत चार इटालियन होते. त्यांतला वडीलधारा कार्मिने, नेपल्सचा निवृत्त औषधविक्रेता, वय चौऱ्याहत्तर, केस पांढरे, पोट भारदस्त. नायेलने सोमवारी संध्याकाळी हॉटेलात त्याला सगळे समजावून सांगितले. पेला घ्यायचा. प्यायचा नाही. खाली ठेवायचा. हाजी विचारतील तेव्हा अंजिराकडे हात करून वाट मागायची. कार्मिनेला हे नाटक एवढे आवडले की त्याने जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या पेल्याने चार वेळा तालीम केली आणि कपाळावर आठ्या घालून मागणीचे वाक्यही पाठ केले. मंगळवारी सकाळी वाटेत नायेलने पुन्हा विचारले, तेव्हा त्याने आईची शपथ घेतली.

साडेआठला ते तंबूत पोहोचले. हाजीने मिशा कातरल्या होत्या आणि डोक्याला ईदचा रुमाल बांधला होता. सुवैलिम आला नव्हता. अबू रुमैह आला होता, पण तो तंबूच्या दाराशी करडू मांडीवर घेऊन बसला होता आणि कॉफी घेत नव्हता. चुलीवर त्याच पहाटे भाजलेल्या बियांचा वास होता. हाजीने किटली उंच धरून पहिला पेला भरला आणि दोन्ही हातांनी कार्मिनेपुढे केला. त्याचा गुडघा अजून दुखत होता. पेला खाली ठेवला की क्षणाचाही उशीर न करता 'दिलं' म्हणायचे, असे त्याने ठरवले होते.

कार्मिनेने पेला घेतला. त्याने तो नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि पिऊन टाकला.

मग त्याने एक आवाज केला, ज्याचे भाषांतर करायची गरज नव्हती, आणि रिकामा पेला पुढे केला. यजमानाला पर्याय नसतो. हाजीने ओतले. नायेल खोकला. कार्मिनेने छातीवर हात ठेवून माफी मागितली, हा शेवटचा, पुढचा नक्की खाली ठेवतो असे सांगितले आणि दुसराही प्यायला. तिसरा पिताना त्याने बायकोला हाक मारून वेलदोड्याबद्दल काहीतरी समजावले. तीन झाल्यावर पाहुण्याने पेला हलवून परत द्यायचा असतो. तो हलवायला नायेलने त्याला शिकवले नव्हते. तो पिणारच नव्हता, मग शिकवायचे कशाला?

चौथा पेला ओतताना हाजी खाली वाकला आणि नायेलच्या कानाशी आला.

"याला सांग ना," तो हळूच म्हणाला, "जरा गार होऊ दे म्हणावं."

नायेलने सांगितले. कार्मिने म्हणाला की, कॉफी गार होऊ देणे हे पाप आहे.

आठ वाजून बावन्न मिनिटे झाली आहेत. अंजिरामागच्या बांधाचा एकही दगड हललेला नाही. नायेलच्या खिशात फोन वाजतो आहे आणि त्यावर इयादचे नाव आहे. कार्मिनेने पाचव्यांदा पेला पुढे केला आहे, आणि हाजी मुतलकने किटली उचलली आहे.